शून्य झीज

दाताच्या डॉक्टरणीची आई होणं हे काही सोपं काम नाही. लोकांना वाटतं, काय मजा आहे बुवा, घरबसल्या दात तपासून मिळतात. मिळतात तर! पण मुलगी कॉलेजात असल्यापासून तिच्यापुढे आ करून बसावं लागतं, ते कोण बघतंय? माप घ्यायला शिकायचंय, आई, आ कर. कीटण काढायला शिकायचंय, आई, आ कर. त्या गुलाबी चिकट लगद्याने भरलेला साचा घशापर्यंत गेला तरी त्या माउलीने कधी हूं की चूं केलं नाही.

मुलगी आता पन्नाशीला टेकली. दवाखान्यात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात आणि घरी ती अजून छोटीच. घरात म्हणाल तर आई, आईला सांभाळणारा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि दोन गल्ल्या सोडून राहणारी ही छोटी. दादाला छोटीची टिंगल करायला कारण लागत नाही आणि छोटीला भडकायला तर त्याहून लागत नाही.

बारा वर्षांपूर्वी छोटीने दवाखान्यात कॅप बनवायचं मशीन आणलं. त्याआधी दाढेवर कॅप बसवायची म्हणजे मोठा कुटाणा असायचा. दाढ घासा, माप घ्या, ते लॅबमध्ये पाठवा, पेशंटला तात्पुरती प्लास्टिकची टोपी घालून घरी धाडा, आणि आठवड्याने कॅप आली की ती बसते का नाही म्हणून जीव टांगणीला. नव्या मशीनचं सगळंच निराळं. तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवायचा, की दाढ पडद्यावर. कॉम्प्युटर त्या दाढेवर बसेल अशी कॅप आखून देणार, आणि बोटाच्या पेराएवढ्या सिरॅमिकच्या ठोकळ्यातून मशीन ती कोरून काढणार. पेशंट सकाळी भुंडी दाढ घेऊन आला तर जेवायच्या वेळेला नवी कॅप घेऊन घरी.

हे सगळं ऐकायला झकास. पण पहिला पेशंट व्हायला कोण तयार होणार? जो तो म्हणाला, डॉक्टरीणबाई, जुनीच पद्धत बरी, आम्ही येऊ की पुढच्या आठवड्यात. मशीन आपलं कोपऱ्यात झाकण घालून बसलेलं. शेवटी आईच म्हणाली, "माझ्या त्या उजवीकडच्या खालच्या दाढेवर कॅप बसवायची राहिलीच आहे ना? माझ्यावर कर. बिघडली तर घरातल्या घरात."

तेव्हाच्या कॅमेऱ्याला दात दिसावा म्हणून त्यावर पांढरी पावडर फवारावी लागायची. पावडर फवारली की आई शिंकायची, शिंकली की पावडर उडायची, की छोटी पुन्हा फवारायची. तीन वेळा असं झाल्यावर एकदाचं चित्र मिळालं. मग मशीन मिक्सरसारखं घरघरत राहिलं आणि छोटी त्याच्या काचेला नाक लावून उभी. कॅप निघाली, बसवून पाहिली, निळा कागद चावायला देऊन कुठे टेकते ते पाहिलं, इवलंसं घासलं, भट्टीत चकाकी आणली आणि चिकटवली. बसली! अशी बसली की जीभ फिरवून आईलाही सांगता येईना, आपली दाढ कुठे संपली आणि कॅप कुठे सुरू झाली. छोटी तर दवाखान्यात नाचायचीच बाकी राहिली होती.

त्याच संध्याकाळी घासू आला. हा तिचा कॉलेजातला मित्र. पुस्तकं घासायचा म्हणून घासू, आणि पुढे दात घासून घासूनच मोठा प्राध्यापक झाला म्हणून नाव कायमचं चिकटलं. त्याने आईच्या तोंडात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाला, "दिसायला छान आहे. पण ही मशीनची बिस्किटं गं. धातूवरची कॅप ती कॅप. ही पाच वर्षं टिकली तर मला येऊन सांग."

छोटीचा चेहरा खर्रकन उतरला. खुर्चीत बसलेल्या आईने तो पाहिला. आईला घासूचा असा राग आला की तोंडात आरसा नसता तर तिने त्याला तिथेच सुनावलं असतं. छोटीने मात्र उसनं हसून म्हटलं, "पाच काय, वीस वर्षं मिरवीन मी ही कॅप. तुझ्या नाकावर टिच्चून!"

तेव्हापासून रिवाजच पडला. दरवर्षी एकदा आईने दवाखान्यात यायचं, कीटण काढून घ्यायचं आणि त्या दाढेचा फोटो काढायचा. छोटी भिंग लावून कॅपची कड बघायची, टोकदार सळईने चाचपायची, आणि "जशीच्या तशी!" म्हणून फोटो घासूला पाठवायची. घासू दरवर्षी एक अंगठा धाडायचा. पाच वर्षं झाली, सात झाली, दहा झाली. अंगठा चालूच.

यंदा मात्र घासूचा फोनच आला. दंतवैद्यांची मोठी परिषद होती आणि तो तिचा कर्ताधर्ता होता. "दहा वर्षांवरच्या तुझ्या कॅपा घेऊन ये," तो म्हणाला. "किती टिकल्या, किती मोडल्या, सगळं सांग. मी हरलो असेन तर चारचौघांत हरतो."

छोटी हट्टाला पेटली. जुन्या पेशंटांना तिने स्वतः फोन लावले. कोणी आले, कोणी उद्या येतो म्हणून उगवलेच नाहीत. ज्यांच्या कॅपा तपासल्या त्यांतल्या बहुतेक उत्तम होत्या. काहींचा टवका उडाला होता. झोपेत दात खाणाऱ्या एका गृहस्थांची मधोमध दुभंगली होती. एकाची कॅप ठणठणीत आणि खालची दाढच कुजलेली. जे आलेच नाहीत त्यांना तिने "टिकल्या"च्या रकान्यात ढकललं नाही. ज्याची कॅप मोडते तो मुकाट्याने दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते सगळे "माहीत नाही"मध्ये. कामाच्या बाबतीत बाई अशी सरळ होती, त्यात खोट काढायला जागा नाही.

आणि या सगळ्यांच्या शिरोभागी आईची कॅप. पहिली, सगळ्यात जुनी. बारा वर्षांपूर्वी बसवल्यावर घेतलेलं तिचं चित्र कॉम्प्युटरमध्ये अजून जसंच्या तसं होतं. आज पुन्हा कॅमेरा फिरवायचा, आजचं चित्र त्या चित्रावर ठेवायचं, की कॅप कुठे किती झिजली ते केसाच्या दहाव्या हिश्शापर्यंत कळणार. सभेची सुरुवात याच चित्राने करायची, असं छोटीने ठरवून टाकलं होतं.

इकडे दादाची काळजी वेगळीच होती. आई जेवत नव्हती. वर्षभर जेवण कमीकमीच होत गेलेलं. पूर्वी कच्चं गाजर कडाकडा खाणारी बाई आता पाव दुधात बुडवून खायची, सूप प्यायची आणि "भूक नाही रे" म्हणून ताट सारायची. ब्लाउज सैल झाले, गालफडं दिसायला लागली. दादाने तिला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, दुर्बीण घालून पाहिलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं. दादाचं त्याने समाधान होईना. रात्री तो छोटीला फोन करून म्हणायचा, "तिच्या मनात काही आहे का गं? तू विचार ना." छोटी विचारायची. आई म्हणायची, "माझ्या मनात काय असणार? मनात असायला जागा तरी राहिलीय का, तुम्ही दोघं एवढे घुसून बसलाय."

दातांची शंका मात्र कुणालाच आली नाही. जिच्या लेकीने दरवर्षी तिचं तोंड तपासलं, तिच्या दातांना काय होणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परिषदेला आठवडा राहिला असताना दादाने आईला दवाखान्यात आणून सोडलं आणि तो बाहेर पेपर चाळत बसला. छोटी खुशीत होती. आईला खुर्चीत आडवं केलं, उजवीकडे कॅमेरा फिरवला. आता पावडरही लागत नव्हती आणि आई शिंकलीही नाही. छोटीने जुनं चित्र काढलं, नवं त्यावर ठेवलं. जिथे झीज असेल तिथे निळा रंग येतो, झीज नसेल तिथे हिरवा.

पडद्यावर कॅप हिरवीगार आली. एक निळा ठिपका नाही.

"आई!" छोटी ओरडलीच. "बारा वर्षं! आणि झीज शून्य! शून्य गं! दादा, इकडे ये, बघ तुझ्या बहिणीने काय बनवलंय!"

दादा आला, पडद्याकडे बघून म्हणाला, "हिरवं काय आहे? शेवाळ?"

"गप रे. सिरॅमिक आहे, काही झालं तरी थोडं झिजतंच. ही झिजलीच नाही! जगात कुणाकडे अशी केस नसेल. घासूचं तोंड बघायचंय मला."

आई खुर्चीत पडल्या पडल्या हसत होती. लेकीला इतकं खूश तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

खुशीच्या भरात छोटी म्हणाली, थांब, चित्र पूर्ण हवं, सगळा जबडा घेऊ या. नाहीतर घासू म्हणेल, एका दाढेचं काय दाखवतेस. आणि तिने कॅमेरा डावीकडे वळवला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

डावी बाजू पडद्यावर उमटायला लागली तशी छोटीचा हात मंदावला. दाढेला चार उंचवटे असतात, मध्ये खाचा असतात. आईच्या डावीकडच्या दाढांना उंचवटे नव्हतेच. वरच्या सपाट, खालच्या सपाट, जुन्या पायऱ्यांसारख्या मधोमध खोलगट झालेल्या. आणि खालच्या मोठ्या दाढेवरून पुढून मागे एक बारीक काळी रेघ गेलेली.

छोटीने कॅमेरा परत वळवला. तिने उजवीकडची वरची दाढ बघितली, कॅपला जी समोरून भिडते ती. तिचे उंचवटे विशीतल्या पोरीच्या दाढेसारखे टोकदार. मग तिला कीटणाची आठवण झाली. दरवर्षी आईच्या उजवीकडे कीटण जास्त निघायचं. ज्या बाजूने माणूस चावत नाही त्याच बाजूला ते जास्त साचतं, हे ती स्वतः इतरांना सांगायची. आईच्या बाबतीत मात्र दरवर्षी म्हणायची, उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांची उजवी बाजू नीट निघत नाही, आई, हात जरा वळवत जा. आई म्हणायची, बरं.

"हे चाव," तिने कापसाची घट्ट गुंडाळी त्या डाव्या दाढेवर ठेवली. आईने चावलं. "आता सोड."

सोडताना आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चिरलेली दाढ चावताना एकवेळ गप्प बसते, सोडताना मात्र कळ मस्तकात नेते. आईने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या.

"किती दिवस दुखतंय हे?"

"जरासं. येऊन जाऊन."

"आई, किती दिवस?"

"झालं असेल वर्षभर," आई म्हणाली. "त्याहून थोडं जास्त."

दादा दारात उभा होता. त्याच्या हातातला पेपर खाली आला. पोटाची दुर्बीण, रक्ताच्या बाटल्या, दुधात बुडवलेला पाव, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसलं.

"उजवीकडून का नाही चावलंस?" छोटीने विचारलं. आवाज चढला होता. "उजवीकडे काय झालंय? कॅप टोचते? उंच आहे? लागते कुठे?"

"छे गं! काही लागत नाही. छान आहे ती."

"मग?"

आईने साडीचा पदर सारखा केला. पकडलं गेलेलं माणूस जसं इकडेतिकडे बघतं तशी ती आधी पडद्याकडे, मग दादाकडे बघत राहिली. "तुझी पहिली होती ना. त्या घासूने बिस्किट म्हटलं होतं तिला. म्हटलं, माझ्याकडून नको मोडायला. दरवर्षी तू फोटो काढायचीस, इतकी खूश व्हायचीस. एका बाजूने खाल्लं तर काय बिघडतं? देवाने दोन बाजू दिल्यात की."

"बारा वर्षं?"

"सवय होते गं. नंतर लक्षातही राहत नाही. चांगल्या कपबश्या नाही का आपण कपाटात ठेवत? तसंच."

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कपबश्या? आई, ती दाढ आहे, दाढ! चावायला केलीय मी ती! तू चावावंस म्हणून केली, कपाटात ठेवायला नाही! आणि दुखत होतं तर सांगायला काय झालं होतं? मी कोण आहे? तोंडात मूग धरून बसलीस वर्षभर!"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, डावीकडे एवढी का झिजली. मग सगळंच बाहेर आलं असतं."

माणसाच्या आईपुढे वकीलही हात टेकतात. दादाने वातावरण हलकं करायला म्हटलं, "दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे, हे हत्तीचं ऐकलं होतं. आपल्याच घरात निघालं." कोणी हसलं नाही. मग तो बाहेर जाऊन उभा राहिला.

छोटीने तोंडावरचा मास्क काढला आणि स्टुलावर बसून राहिली. राग आईवर होता असं तिला मघाशी वाटलं होतं. आता तो कुणावर आहे ते तिला नीट कळलं. दरवर्षी ती आईला आ करायला लावत होती. दरवर्षी आरसा, भिंग, झगझगीत दिवा. आणि दरवर्षी तिने एकच दाढ पाहिली होती, आपली. बाकीचं तोंड आईचं होतं, कीटण काढताना तिकडे हात फिरला तेवढाच, नजर गेलीच नव्हती. रस्त्यावरून आलेल्या कुठल्याही पेशंटचे तिने सगळे दात मोजले असते. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"रडतेस काय वेडे," आई म्हणाली. "एक दाढ गेली तर गेली."

दाढ खरंच जाणार होती. एक्स-रेत चीर मुळापर्यंत पोचलेली दिसत होती. तिथे कॅपही चालत नाही आणि रूट कॅनलही. छोटी म्हणाली, दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ. आई म्हणाली, "दुसरा कशाला? तिकडची बसवलीस तू, इकडची काढायलाही तूच." दुसऱ्या दिवशी छोटीनेच ती काढली. भूल दिली, दाढेचे दोन तुकडे वेगवेगळे निघाले. काढताना तिचे हात स्थिर होते, कारण हातांना तेवढी शिकवण होती. तुकडे ट्रेमध्ये पडल्यावर मात्र ती आत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

संध्याकाळी तिने घासूला सगळं सांगितलं. आता हा दात काढणार, असं तिला वाटलं. घासू हसला नाही. म्हणाला, "बिस्किट मी सहज म्हटलं होतं गं. मला तर आठवतही नाही." मग जरा व्यवहारावर येऊन म्हणाला, "पण चित्र ठेव की तू. झीज शून्य हा आकडा काही खोटा नाही."

"आकडा खरा आहे. पण कपाटात ठेवलेल्या चपलेचा तळ झिजला नाही, यात चपलेचं काय कौतुक? ती केस मी काढून टाकतेय."

"पहिली केस काढलीस तर लोक विचारतील."

"विचारू देत. सांगेन."

फोन ठेवला तेव्हा तिला वाटलं, झालं, विषय मिटला. तिने दादाला बजावून सांगितलं: दोन दिवस मऊ, मग आईने उजवीकडून नीट चावून खायचं. आता उजवी बाजू हीच तिची बाजू.

शुक्रवारी दादाचा फोन. "अगं, ती अजून सूपच पितेय. दुखत नाही म्हणते, पण चावत नाही. पाव दिला तर म्हणते, रविवार होऊ दे."

"रविवार? रविवारी काय आहे?"

"तुझी परिषद."

छोटी हातातलं काम टाकून निघाली, ते दुपारच्या उन्हात चालत थेट दादाच्या स्वयंपाकघरात. आई टेबलापाशी बसली होती, समोर वाटीत काहीतरी पातळ. दादा ओट्याला टेकून उभा, हरलेल्या माणसासारखा.

"काय ऐकतेय मी?"

"तू ओरडू नकोस आधी," आई म्हणाली. "दादाने सांगितलं मला, तू माझी दाढ काढून टाकलीस तुझ्या त्या यादीतून. म्हणजे माझं एवढं जपणं वायाच ना? म्हटलं, दोन दिवस अजून जपते. शनिवारी तुझं मन बदललं आणि तुला ती दाखवाविशी वाटली, तर अखंड असायला हवी. आता आयत्या वेळी मोडली म्हणजे? त्या सगळ्यांसमोर तुझं नाक कापलं जाईल."

पुन्हा तेच. त्या पोकळ झालेल्या गालांनी, एक दाढ गमावून, वर्षभर उपाशी राहून ही बाई अजून लेकीच्या नाकाला जपत होती. छोटीने डबा उघडला. पावाचे दोन काप घेतले, चांगले खरपूस कडक भाजले आणि लोणी लावून बशी आईपुढे ठेवली.

"खा."

"रविवारी."

"आत्ता. उजवीकडून. माझ्यासमोर."

"आणि तुटली तर?"

"तुटू दे. मी दुसरी करीन. ती तुटली तर तिसरी. मशीन कशाला आणलंय?" छोटी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "तुझ्या जेवणाहून माझं नाक मोठं नाही गं, आई. लोकांना मी सांगणार आहे की माझ्या पहिल्या कॅपचं मला काहीच माहीत नाही. कारण ती कुणी वापरलीच नाही. आता तू वापर, म्हणजे कळेल."

आईने एकदा दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. मी तिला घाबरतो."

आईने काप उचलला. कोपरा तोंडात घातला आणि जिभेने तो उजवीकडे ढकलला. ते ढकलणं दोघांनाही दिसलं, गालाच्या आत अवघडलेलं, नवख्या माणसासारखं. तिने डोळे मिटले आणि दात दाबले.

कड्‌!

आवाज स्वयंपाकघरभर झाला. आई दगडासारखी थांबली. दादाने ओट्याची कड धरली. छोटीचा हात आपोआप पुढे गेला, हनुवटीखाली, तुकडे झेलायला.

आईने जीभ फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. मग हळूच डोळे उघडले.

"पाव होता," ती म्हणाली.

आणि तिने पुन्हा चावलं. आधी जपून, मग जरा जोरात. उजव्या गालाचा स्नायू वरखाली व्हायला लागला. "चावते की गं ही," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. काप संपवला, दुसरा घेतला, त्याची कडक कड आधी खाल्ली. ओठांच्या कोपऱ्याला लोणी लागलं ते पुसलं नाही. खांदे पुढे घेऊन, कुणी बशी ओढून नेईल की काय अशी ती खात होती. दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. छोटी मात्र बघत राहिली. कॅप कशी टेकते, जबडा सरळ चालतो का, यातलं तिला काहीही दिसत नव्हतं. तिची आई जेवत होती, एवढंच दिसत होतं.

बशी रिकामी झाली. आईने बोटाने चुरा गोळा करून तोंडात टाकला, आणि बशी छोटीकडे सरकवली.

"अजून भाज," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."